शवपेटीवरच्या वचनांचं संगीत

1635 सालच्या डिसेंबरात जर्मनीतल्या गेरा शहराचा संस्थानिक वारला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीची बरीच तयारी आधीच झालेली होती. ती त्याने स्वतःच केली होती. मरणापूर्वी, कुणालाही कळू न देता, त्याने आपल्यासाठी धातूची शवपेटी घडवून घेतली होती. तिच्या झाकणावर आणि बाजूंवर बायबलमधली वचनं आणि लूथरपंथी चर्चमध्ये गायल्या जाणाऱ्या भक्तिगीतांची कडवी कोरलेली होती. त्यांची निवडही त्याचीच.

या संस्थानिकाचं नाव हाइनरिख पोस्तुमुस रॉइस. त्याच्या पेटीवरच्या वचनांना संगीतात बांधलं ते हाइनरिख श्युट्स या संगीतकाराने. 4 फेब्रुवारी 1636 रोजी गेरा इथे झालेल्या दफनविधीत हे संगीत गायलं गेलं आणि त्याच वर्षी ते ड्रेस्डेनमध्ये छापून प्रसिद्ध झालं. ‘मुसिकालिशे एक्सेक्विएन’, म्हणजे अंत्यविधीचं संगीत, या नावाने ते ओळखलं जातं. आरंभीच्या बरोक काळातल्या धार्मिक समूहगायनाच्या रचनांमध्ये त्याचं स्थान फार वरचं आहे. साधारण अर्ध्या तासाच्या या रचनेत दुःखाचा आकांत जवळजवळ नाही. आहे ते सांत्वन. आणि हे सांत्वन शब्दांत जितकं आहे तितकंच ते शब्द कोण गातं, किती जण गातात आणि कुठे उभे राहून गातात, यात आहे. ही रचना समजून घ्यायची तर याच वाटेने तिच्याकडे जायला हवं.

संस्थानिक आणि त्याचा काळ

रॉइसचा जन्म 1572 चा. तो जन्मला त्याआधीच वडील वारले होते, म्हणून त्याला ‘पोस्तुमुस’ हे उपनाम मिळालं. गेरा आज जर्मनीच्या थुरिंगिया राज्यात आहे. धार्मिक छळामुळे नेदरलँड्सकडून परागंदा झालेल्या विणकरांना या शहरात आसरा मिळाला आणि त्यांच्यामुळे इथला कापडाचा धंदा भरभराटीला आला. 1608 मध्ये रॉइसने तिथे एक विद्यालय स्थापन केलं. त्याला संगीताची मनापासून आवड होती. श्युट्सशीही त्याचा जुना संबंध होता: श्युट्सचं जन्मगाव क्योस्ट्रित्स हे गेराच्या जवळच, रॉइस घराण्याच्या मुलखातलं. पुढे 1617 च्या सुमारास गेरातल्या संगीताची घडी बसवण्यासाठी रॉइसने श्युट्सचाच सल्ला घेतला होता.

माणूस आपल्या मरणाची इतकी आखीव तयारी का करतो, याचं एक उत्तर त्या काळात आहे. 1618 मध्ये सुरू झालेलं युद्ध 30 वर्षं चाललं. 1631 मध्ये माग्डेबुर्ग शहर सैन्याने जाळलं, लुटलं आणि तिथे हजारो माणसं मारली गेली. 1632 मध्ये ल्युट्सेनच्या लढाईत स्वीडनचा राजा गुस्टाफ अडोल्फ पडला आणि त्याचं शव वाइसेनफेल्सला आणलं गेलं. श्युट्सचं बालपण याच गावात गेलं होतं. सैन्याच्या पाठोपाठ उपासमार आणि प्लेग येत. मरण ही त्या पिढीला रोज दारात दिसणारी गोष्ट होती. मरणाला तयार असणं, त्यासाठी वचनं पाठ करणं, अंत्यसमयी म्हणायच्या प्रार्थना आधीच ठरवून ठेवणं हा तिथल्या धार्मिक जीवनाचा भाग होता. रॉइसने ही रीत अखेरच्या टोकाला नेली आणि आपली पेटीच वचनांनी भरून टाकली.

श्युट्सच्याही घरात मरण येऊन गेलं होतं. 1619 मध्ये त्याचं लग्न झालं आणि 1625 मध्ये पत्नी माग्डालेना दोन लहान मुली मागे ठेवून वारली. तो सॅक्सनीच्या राज्यकर्त्याच्या, म्हणजे इलेक्टरच्या, ड्रेस्डेन दरबारात मुख्य संगीतकार होता. युद्धाच्या खर्चाने दरबाराची तिजोरी रिकामी होत गेली, तसे गायक-वादक कमी होत गेले आणि उरलेल्यांचे पगारही थकू लागले. 1633 मध्ये त्याने कोपनहेगनच्या दरबाराची वाट धरली. 1635 मध्ये तो परतला, आणि त्यानंतर थोड्याच काळात रॉइसच्या अंत्यविधीचं काम त्याच्या हाती होतं.

रेक्विएम का नाही?

युरोपातल्या कॅथलिक परंपरेत मृतांसाठी लॅटिन भाषेतला ‘रेक्विएम मास’ गातात. त्यामागची श्रद्धा अशी, की मेलेल्याचा आत्मा शुद्ध होण्याआधी एका मधल्या अवस्थेतून जातो आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने त्याला मदत होते. मार्टिन लूथरच्या धर्मसुधारणेने ही मधली अवस्थाच नाकारली. विश्वासाने मेलेला माणूस देवाच्या हाती असतो. त्याच्यासाठी मागे राहिलेल्यांनी काही मिळवून द्यायचं उरत नाही, असं लूथरपंथाने मानलं.

यामुळे अंत्यविधीचा रोखच बदलला. प्रार्थना मृताकडून वळून जमलेल्या जिवंत माणसांकडे आली. लूथरपंथी जर्मनीत दफनविधीतलं प्रवचन हा मुख्य भाग झाला. प्रतिष्ठितांच्या अंत्यविधीची प्रवचनं छापून वाटली जात, आणि त्यांत मृताचं जीवन, आजार आणि शेवटचे क्षण यांचं वर्णन असे. त्या घरातल्या लोकांनी धीर कुठून घ्यावा, हा त्यांचा विषय असे.

श्युट्सपुढे प्रश्न होता तो वेगवेगळ्या ठिकाणांहून उचललेल्या वचनांची आणि कडव्यांची एक सलग रचना करण्याचा. त्याने लॅटिन मासचाच सांगाडा घेतला, पण लूथरपंथी चर्चने राखलेला त्याचा छोटा भाग तेवढाच: दयेची याचना करणारं ‘कीर्ये’ आणि देवाची स्तुती करणारं ‘ग्लोरिया’. या दोन खणांत पेटीवरचे जर्मन शब्द त्याने बसवले. पहिल्या भागाला त्याने जर्मन दफन-मासच्या रूपातली रचना असंच म्हटलं आहे.

व्हेनिसमधून आणलेली विद्या

हे करायला लागणारी विद्या श्युट्सने इटलीत कमावली होती. वाइसेनफेल्समध्ये त्याच्या वडिलांची खानावळ होती. 1598 मध्ये हेसेन-कासेलचा राज्यकर्ता मोरित्स तिथे मुक्कामाला उतरला, त्याने या मुलाचा आवाज ऐकला आणि पुढच्या वर्षी त्याला आपल्या दरबारी नेलं. तिथे शिक्षण झालं, मग कायद्याचा अभ्यास सुरू झाला. पण 1609 मध्ये मोरित्सनेच खर्च उचलून त्याला व्हेनिसला जोव्हान्नी गाब्रिएली या संगीतकाराकडे पाठवलं. 1612 मध्ये गाब्रिएली वारला. मरणापूर्वी त्याने आपली एक अंगठी या जर्मन शिष्याला देऊ केली होती.

व्हेनिसच्या सान मार्को चर्चमध्ये गायकांचे गट वेगवेगळ्या ठिकाणी उभे करून गाण्याची परंपरा होती. एक गट इथून गातो, दुसरा तिथून उत्तर देतो, मग सगळे एकत्र येतात, आणि ऐकणाऱ्याच्या चहूबाजूंनी आवाज उठतो. श्युट्सने ही पद्धत जर्मन भाषेत आणली. 1619 मध्ये छापलेल्या ‘प्साल्मेन डाव्हिड्स’ या स्तोत्रांच्या संग्रहात ती थाटामाटात दिसते. 1628 मध्ये तो पुन्हा व्हेनिसला गेला. आता तिथे मोंतेव्हेर्दी या संगीतकाराचा जमाना होता, आणि एकट्या गायकाने शब्दामागची भावना स्वरांतून उघड करण्याची नवी शैली रुजली होती.

बरोक संगीताचा पाया असलेली एक गोष्ट इथे समजून घ्यायला हवी. 1600 च्या आसपास इटलीत ऑर्गनसारख्या वाद्यावर अखंड खालचा सूर चालू ठेवून त्यावर गायन बांधायची रीत पक्की झाली. आपल्याकडे तानपुरा गायकाला जसा आधार देतो तसाच हा आधार. फरक एवढाच, की तानपुऱ्याचा सूर स्थिर राहतो आणि हा खालचा सूर गाण्याबरोबर पुढे सरकतो, वळतो, गाण्याला दिशा देतो. त्यामुळे गाताना गर्दीची गरज उरली नाही. एक आवाज, दोन आवाज किंवा तीन आवाजही भरीव वाटू लागले. थोड्या आवाजांनी बोलायचं आणि मग सगळ्यांनी एकदम यायचं, या चढउतारावर नव्या संगीताचं सौंदर्य उभं राहिलं. गायक घटलेल्या युद्धकाळात तर ही सोय वरदानच ठरली.

पहिला भाग: एकटा आवाज आणि सगळे

रचनेची सुरुवात एका टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाने होते. शब्द ईयोबाचे: सर्वस्व गमावलेला तो माणूस म्हणतो की आपण उघडे आलो आणि उघडेच जाणार. साथीला फक्त खालचा सूर. संस्थानिकाच्या अंत्यविधीत पहिला उच्चार हा असावा, यात मोठी नम्रता आहे. ज्याच्याकडे जमीन, पदवी आणि दरबार होता त्याने आपल्या पेटीसाठी हे वचन निवडलं होतं.

त्यानंतर ‘कीर्ये’चा खण उघडतो. पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला उद्देशून दयेच्या तीन मागण्या सगळे गायक मिळून गातात. त्यांच्या मध्ये थोड्या आवाजांत वचनं येतात: जगणं म्हणजे ख्रिस्त आणि मरण म्हणजे लाभ, हा पौलाचा विचार, ख्रिस्त जगाचं पाप वाहून नेणारा कोकरा आहे, ही योहानाची साक्ष, जगलो काय नि मेलो काय, आपण प्रभूचेच, ही रोमकरांस लिहिलेल्या पत्रातली खात्री. एकट्यादुकट्याने आपला विश्वास बोलून दाखवायचा आणि समुदायाने विनवणी करायची, अशी ही एकमेकांत विणलेली रीत.

पुढचा, मोठा खण ‘ग्लोरिया’चा. इथे बायबलचं वचन आलं की आवाज थोडे होतात आणि भक्तिगीताचं कडवं आलं की सगळा समुदाय गातो. ही भक्तिगीतं जमलेल्या लोकांच्या ओळखीची होती. ती रविवारच्या उपासनेत गायली जात. त्यामुळे सगळे एकदम गाऊ लागले की ऐकणाऱ्याला वाटे, हे आपलंच गाणं. वचन धर्मग्रंथातून येतं आणि कडवं लोकांच्या तोंडून. बोलणं एका बाजूचं, होकार दुसऱ्या बाजूचा.

प्रत्येक वचनाला त्याचा आवाजही जुळवून दिलेला आहे. मानवी आयुष्य 70 वर्षांचं, फार तर 80, आणि तेही कष्टाचं, असं सांगणारं स्तोत्रसंहितेतलं वचन दोन बास आवाज गातात. खर्जातले ते दोन आवाज एकमेकांमागून जड पावलांनी चालतात आणि त्या शब्दांतला थकवा कानाला जाणवतो. पुढे आपला उद्धारकर्ता जिवंत आहे अशी ईयोबाची ग्वाही येते आणि स्वर वर उजळतात. याकोबाने देवाशी रात्रभर झोंबी घेऊन आशीर्वाद मिळाल्याखेरीज सोडणार नाही म्हटलं, तो प्रसंगही या खणात आहे.

याच भागात ‘शलमोनाचं ज्ञान’ या ग्रंथातलं एक वचन आहे. नीतिमान लोकांचे आत्मे देवाच्या हातात आहेत, मूर्खांना ते मेलेसे वाटतात पण ते शांतीत आहेत, असा त्याचा आशय. श्युट्सने ते दोन सोप्रानो आणि एक बास यांना दिलं आहे: दोन उंच आवाज आणि त्यांच्यासोबत एक खालचा पुरुषी आवाज. हे त्रिकूट लक्षात ठेवावं. शेवटच्या भागात ते परत येतं, आणि तेव्हा त्याचा अर्थ उलगडतो.

दुसरा भाग: दोन गटांचा संवाद

पहिला भाग प्रवचनाआधी, दुसरा प्रवचनानंतर. प्रवचनासाठी स्तोत्रसंहितेच्या 73 व्या स्तोत्रातली वचनं निवडली होती: देवाखेरीज स्वर्गात किंवा पृथ्वीवर मला दुसरं काही नको, देह आणि मन खचलं तरी देवच माझा वाटा आहे. याच वचनांवर श्युट्सने आठ आवाजांचं मोटेट, म्हणजे धार्मिक शब्दांवरचं समूहगीत, बांधलं. चार-चार आवाजांचे दोन गट समोरासमोर येतात. एक गट शब्द उच्चारतो, दुसरा तो उचलून धरतो. छोटे-छोटे तुकडे एका बाजूकडून दुसरीकडे जातात आणि मग दोन्ही गट एकत्र होतात. व्हेनिसची हीच विद्या, पण इथे थाटाला जागा नाही. लोकांनी अर्थ नुकताच प्रवचनातून ऐकलेला असतो. संगीत तेच शब्द पुन्हा पुन्हा हाती देऊन मनात पक्के करतं. हा भाग अवघ्या काही मिनिटांचा आहे आणि रचनेत तो उंबरठ्यासारखा आहे: यापुढे दफन.

तिसरा भाग: लांबून येणारा आवाज

पेटी खाली सोडण्याच्या वेळी तिसरा भाग गायचा. त्यातले मुख्य शब्द लूकच्या शुभवर्तमानातल्या वृद्ध शिमोनाचे आहेत. बाळ येशूला मंदिरात हाती घेतल्यावर तो म्हणतो की आता माझे डोळे तृप्त झाले, आता मला शांतीने जाऊ दे. हे गीत लूथरपंथी अंत्यविधीत रूढ होतं. शिमोनाच्या या प्रसंगाचा सण 2 फेब्रुवारीला असतो आणि रॉइसचा दफनविधी 4 फेब्रुवारीला झाला, त्यामुळे ते शब्द लोकांच्या कानांत ताजेच होते.

हे गीत पाच आवाजांचा गट ऑर्गनजवळ उभा राहून गातो. त्याचा पोत खालचा, संथ, म्हातारपणाला साजेसा. मग, हे गीत चालू असतानाच, दुसरीकडून वेगळेच शब्द ऐकू येतात. प्रभूमध्ये मरणारे धन्य, ते आपल्या श्रमातून विसावतात, हे प्रकटीकरणातलं वचन. आणि त्याला जोडून शलमोनाच्या ज्ञानातलं तेच वचन, पहिल्या भागात ऐकलेलं. हे गाणारे तिघं: दोन सोप्रानो आणि एक बास.

श्युट्सने छापील आवृत्तीत या तिघांची नावं सांगितली आहेत. दोन सोप्रानो म्हणजे सराफीम, देवाच्या सिंहासनाजवळचे दूत. आणि बास म्हणजे देहातून सुटलेला धन्य आत्मा. हा गट ऑर्गनपासून दूर उभा करावा, अशी त्याची सूचना आहे. स्वर्गात देवदूतांच्या संगतीत आत्म्याला मिळणारा आनंद आपल्याला सुचवायचा आहे, असा खुलासाही त्याने केला आहे. एवढंच नव्हे, या दुसऱ्या गटाच्या आणखी प्रती करून चर्चच्या वेगवेगळ्या ठिकाणी गायक उभे केले तर परिणाम अधिक वाढेल, असंही तो सुचवतो.

आता त्या चर्चमध्ये बसलेल्या माणसाची स्थिती लक्षात घ्यावी. पेटी समोर आहे. जवळचा गट निरोपाचे शब्द गातो आहे. ते शब्द पेटीतल्या माणसाचे म्हणूनही ऐकता येतात, जमलेल्या सगळ्यांचे म्हणूनही. आणि त्याच वेळी दुरून उत्तर येतं, पोचलेल्या आत्म्याचं. निरोप आणि पोचल्याची खूण एकाच क्षणी, एकाच छताखाली. लूथरपंथी शिकवणीत प्रवचनकाराला पुष्कळ वाक्यं खर्चून जे सांगावं लागे, की मृत देवाच्या हाती सुखरूप आहे, ते इथे दोन गटांमधल्या अंतराने सांगितलं जातं. पहिल्या भागात त्रिकूटाच्या तोंडी आलेलं वचन इथे खरं झालेलं ऐकू येतं. व्हेनिसमध्ये आवाजांची ही विभागणी वैभव दाखवायची. श्युट्सने तीच श्रद्धेचा आशय सांगण्यासाठी वापरली. मला ही त्याची सर्वांत मोठी झेप वाटते.

पुढचा प्रवास

श्युट्स व्यवहारी माणूस होता. युद्धाच्या दिवसांत मोठे गायकवृंद मिळणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं. म्हणून सहा ते आठ गायकांवरही ही रचना उभी राहील आणि गायक जास्त असतील तर समूहाचे भाग भरदार करता येतील, अशी सोय त्याने ठेवली. त्याच 1636 मध्ये मोजक्या आवाजांसाठी लिहिलेल्या ‘क्लाइने गाइस्टलिखे कॉन्त्सेर्टे’ या संग्रहाचा पहिला भागही त्याने प्रसिद्ध केला. टंचाईने त्याच्या संगीताला काटकसर शिकवली आणि त्या काटकसरीतून त्याची भाषा आणखी धारदार झाली.

1672 मध्ये वयाच्या 87 व्या वर्षी श्युट्स वारला. तोही तयारी करूनच गेला होता: आपल्या अंत्यविधीसाठी स्तोत्रसंहितेतलं वचन निवडून, त्यावर मोटेट लिहायला त्याने आपला शिष्य क्रिस्टोफ बेर्नहार्ड याला सांगून ठेवलं होतं. त्यानंतर दीर्घकाळ त्याचं संगीत विस्मरणात गेलं. 19 व्या शतकात अभ्यासकांनी त्याच्याकडे पुन्हा लक्ष वळवलं आणि 1885 पासून फिलिप श्पिट्टाच्या संपादनाखाली त्याच्या समग्र रचना छापायला सुरुवात झाली. त्याआधी, 1868 मध्ये, योहानेस ब्राम्स या संगीतकाराने आपलं जर्मन रेक्विएम सादर केलं. त्यातही लॅटिन मजकुराला बाजूला ठेवून लूथरच्या बायबलमधली वचनं संगीतकाराने स्वतः निवडली आहेत, त्यातही सांत्वन जिवंतांचं आहे, आणि त्याचा शेवटचा भाग प्रकटीकरणातल्या त्याच धन्यतेच्या वचनावर आहे.

आज या रचनेची उत्तम ध्वनिमुद्रणं उपलब्ध आहेत. बेल्जियमच्या व्होक्स लुमिनिस या गटाच्या ध्वनिमुद्रणाला 2012 मध्ये ‘ग्रामोफोन’ नियतकालिकाचा वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. प्रथमच ऐकणाऱ्याने तिसऱ्या भागापासून सुरुवात करावी, असं मी सुचवेन. तो पाचेक मिनिटांचाच आहे. हेडफोन लावून ऐकलं तर जवळचा आणि लांबचा गट वेगळे ओळखू येतात. मग सुरुवातीकडे जावं आणि त्या एकट्या टेनरपासून सगळं ऐकावं. वचनांचा मराठी आशय हाताशी ठेवला तर अधिक चांगलं. मराठी बायबलमध्ये ईयोब, स्तोत्रसंहिता, लूक आणि प्रकटीकरण इथले संदर्भ सहज सापडतात.

ज्याचा ख्रिस्ती श्रद्धेशी संबंध नाही त्याच्यासाठीही या रचनेत एक धडा आहे. शोकात माणसाला एकटं वाटतं, कारण गेलेल्याचा आवाज थांबलेला असतो. श्युट्सने त्या थांबलेल्या आवाजाला जागा दिली, त्याला सोबत दिली आणि मागे राहिलेल्यांच्या आवाजाशी त्याचा मेळ घातला. युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या देशात, मोजक्या गायकांच्या बळावर, एका माणसाने निवडलेल्या ओळी दुसऱ्याने अशा मांडल्या की त्या आजही परक्या काळातल्या, परक्या भाषेतल्या माणसाला धीर देतात. कलेने शोकाकुल माणसासाठी यापेक्षा मोठं काही करावं, अशी अपेक्षा मला तरी करता येत नाही.